तांबूचा घास

बायजा रोज मेलेल्याला जेवू घालायची आणि कान्हू ते मुकाट्यानं बघायचा.

सकाळी भाकऱ्या आटपल्या की ती भाताच्या कोंड्यात गुळाचा खडा कुस्करायची, त्यात भिजवलेल्या वालांची टरफलं घालायची आणि ती मूठ घेऊन गोठ्यात जायची. डाव्या कोपऱ्यात, भिंतीलगत, जमिनीला एक खळगा पडला होता. तांबू नावाचं त्यांचं शिंगरू दोन वर्षांमागं तिथंच पाय झाडून मेलं होतं, आणि खळगा त्याच्याच खुरांनी पडलेला. मूठ ती त्या खळग्यात ठेवायची. पानावर नाही, ताटात नाही. जनावर काय पाटावर बसून जेवतं? शेजारच्या ठमाबाईनं तेव्हाच बजावलं होतं, "कवळं जनावर उपाशी गेलंय गो. जिथं पडलं तिथंच त्याला घास दाखवत जा, नायतर पुढचं टिकू द्यायचं नाय ते." ठमाबाई नात्यानं कोणी नव्हती. पण बायजाला सासू नव्हती, आणि सासूची जागा रिकामी राहू देईल ती ठमाबाई कसली.

तेव्हापासून बायजा सगळा गोठा झाडायची, तो कोपरा तेवढा सोडायची. तिथं सारवण नाही, उकरणं नाही. घास कधी उंदीर न्यायचे, कधी त्याला मुंग्या लागायच्या. यंदा मात्र दिवाळी सरली आणि खळगा रोज चाटूनपुसून साफ दिसायला लागला. बायजाच्या तोंडावर कळा आली.

"आला होता आज," ती कान्हूला सांगायची. "सगळं खाल्लंन."

कान्हू "व्हय" म्हणायचा आणि पवळी घोडीच्या पाठीवर पालाण चढवायचा. दुसरं काय म्हणणार? तांबू कशानं मेला ते साऱ्या गावात एकट्या कान्हूला ठाऊक होतं.

ते असं झालं होतं. तांबू सहा महिन्यांचा असताना त्याचं पोट सुटलं, अंगावरचे केस उभे राहिले. कान्हू पेणला ढोरांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी जंतांवरच्या पांढऱ्या औषधाच्या तीन पुड्या बांधून दिल्या आणि म्हणाले, एक आता दे, तीन आठवड्यांनी दुसरी, मग तिसरी. कान्हूनं मान डोलावली. पण तेव्हा मिठागरावर मिठाच्या राशी पडल्या होत्या, आभाळात मळभ येत होतं, आणि बिगरमोसमी पावसाची एक सर म्हणजे दोन महिन्यांच्या घामाचं पाणी. तीन-तीन आठवडे ध्यानात कोण ठेवणार? एका पुडीनं गुण येतो तर तिहींनी तिप्पट येईल, एवढा सरळ हिशेब त्यानं केला. बायजा विहिरीवर गेली होती तेवढ्यात तिन्ही पुड्या गुळात कालवून त्यानं तांबूला चारल्या आणि पवळीला घेऊन तो बांधावर गेला. दुपारी परत आला तेव्हा तांबूचे पाय ताठ झाले होते.

बायजा म्हणाली, नजर लागली. ठमाबाई म्हणाली, नजरच. कान्हू काही म्हणाला नाही. त्या दिवशी बोलला नाही आणि दुसऱ्या दिवशी बोलायला तोंड राहिलं नाही. खोटं बोलायला जीभ लागतेच असं नाही, गप्प बसूनही ते बोलता येतं. आणि दोन वर्षं बोललेलं खोटं मग घरातल्या माणसासारखं घरात वावरायला लागतं. कान्हूला भर दुपारी भास व्हायचे. जेवायला बसला की गोठ्यातून खुर घासल्याचा आवाज यायचा. एकदा तर त्याच्या मानेमागं कोणी ऊन श्वास सोडला. वळून बघितलं तर मागं नुसती भिंत.

आणि आता पवळीचं दुसरं शिंगरू पाच महिन्यांचं झालं होतं. रोह्याच्या एका टांगेवाल्याच्या घोड्याची ही पैदास, तांबूची होती तीच. पवळीची पाठ वयानं वाकली होती, पालाणाखाली दोन ठिकाणी कातडं सोलून निघालं होतं. गडब गावाच्या पल्याड खाडीकाठच्या त्या मिठागरात गाडीबैल जात नसे. दोन्हीकडं पाणी आणि मधे हातभर रुंदीचा बांध. मीठ सडकेपर्यंत जायचं ते घोडीच्या पाठीवरून, नाहीतर माणसाच्या डोक्यावरून. हे शिंगरू जगलं तर कान्हूच्या घरात काम राहणार होतं.

माघ संपत आला आणि शिंगराचं पोट सुटलं.

कान्हूनं ते आधी बघितलंच नाही. म्हणजे बघितलं आणि नजर फिरवली. मग केस उभे राहिले, फासळ्या दिसायला लागल्या, नाकातून पांढरं गळायला लागलं. ते खोकायचं, आणि खोकला म्हाताऱ्या माणसासारखा यायचा. एक दिवस पवळीच पालाण घालू देईना. मान वळवून ती गोठ्याकडं बघायची आणि चार पावलं टाकून थांबायची. कान्हूनं तिला ओढत मिठागरावर नेलं. दोन गोण्या चढवल्या तर ती बांधावर मधोमध उभी राहिली, मागची सगळी माणसं अडली.

"काय रं कान्हू," मुकादम पुंडलिक मागून ओरडला. "घोडीला सासरी पाठवतोस की काय, पाय निघत नाय तिचा."

माणसं हसली. पुंडलिकाचं त्यानं भागलं नाही. "शिंगराच्या पोटात नगारा हाय म्हणं तुझ्या. शिमग्याला आण वाजवायला."

कान्हूनं घोडीच्या पाठीवरची एक गोणी उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतली. ओल्या मिठाचं पाणी कानामागून गळ्यात उतरलं, मानेवरच्या भेगांत शिरलं. पाय मिठानं आधीच फुटलेले. अशा तीन खेपा त्यानं केल्या, घोडीच्या पुढं घोडा होऊन. चौथ्या खेपेला त्याला वाटलं, घोडीमागून आणखी कोणीतरी चालतंय, हलक्या पावलांचं. त्यानं मागं बघायचं टाळलं. गोणी सडकेवर टाकली आणि उन्हं डोक्यावर असतानाच घराकडं वळला.

बायजा घरात नव्हती, धुणं घेऊन गेली होती. कान्हू पवळीला बांधायला गोठ्यात शिरला. बाहेरच्या उन्हानं डोळे दिपलेले, आत काळोख. डाव्या कोपऱ्यात, खळग्यापाशी, एक शिंगरू मान खाली घालून खात होतं.

कान्हूच्या हातून दावं सुटलं. तांबडी पाठ, खोल गेलेली कूस, तसंच. मग ते शिंगरू खोकलं, मान वर करून त्याच्याकडं बघितलं, आणि पवळी पुढं होऊन त्याला हुंगायला लागली. हे त्यांचंच होतं, पाच महिन्यांचं, जितं. ओठाला कोंडा लागला होता. दावं तोडून रोज हे इथं येत होतं आणि मेलेल्याच्या वाटचा घास खात होतं.

कान्हू तिथंच बसला आणि एकटाच हसला. हसू आलं ते सुटकेचं. पण बायजाला सांगायचं त्याच्या जिवावर आलं. तिच्या तोंडावरची कळा तो कुठल्या तोंडानं उतरवणार होता?

दुसऱ्या दिवशी तो पेणला गेला आणि डॉक्टरांना घेऊन आला. हे डॉक्टर नवे होते, मागचे बदलून गेले होते. बांधावरून चालताना त्यांचा एक पाय चिखलात गेला तरी चिडले नाहीत. त्यांनी शिंगराच्या पापण्या उलटून बघितल्या, पोटाला कान लावला, लीद काडीनं पसरून बघितली. गोठा सगळा फिरून बघितला आणि खळग्यापाशी थांबले. बायजानं सकाळी ठेवलेली मूठ तिथं अर्धी उरली होती.

"हे काय?"

बायजानं सांगितलं. न लाजता, सरळ सांगितलं. डॉक्टर ऐकून घेत खाली बसले.

"बाई, पहिल्या शिंगराच्या पोटात जंत होते?"

"व्हते. औषध आणलं होतं यांनी. तीन पुड्या."

"तीन-तीन आठवड्यांनी दिल्या ना?" त्यांनी कान्हूकडं बघितलं. "एकदम दिल्या तर पोटातले सगळे जंत एकदम मरतात, आतड्यात त्यांचा बोळा बसतो. मग जनावर वाचत नाही."

"तशाच दिल्या," कान्हू म्हणाला. "सांगितल्या तशा."

डॉक्टर त्याच्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग बायजाला म्हणाले, "त्या शिंगराच्या लिदीतून जंतांची अंडी याच मातीत पडली. डोळ्यांना दिसत नाहीत. पावसानं मरत नाहीत, तुमच्या खाऱ्या वाऱ्यानं मरत नाहीत, वर्षानुवर्षं मातीत जिती राहतात. तुम्ही गोड घास त्या मातीत ठेवता आणि हे पोर मातीसकट खातं. आज अर्धी पुडी देतो, पोट फार भरलंय म्हणून अर्धीच. उरलेली तीन आठवड्यांनी. पण ही जमीन वीतभर खणून काढा, माती जाळा, खाली चुना टाका. लीद रोज उचला. खाणं जमिनीवर घालू नका, उंच टोपलीत द्या. नाहीतर मी दिलेलं औषध फुकट. पुन्हा पोट भरेल, आणि ते भरलेलं हे जनावर सोसणार नाही."

अर्धी पुडी त्यांनी स्वतःच्या हातानं चारली, वर गोडं तेल पाजलं, आणि ते गेले.

बायजा खळग्यापाशी जाऊन उभी राहिली. "ही जागा मी खणू द्यायची नाय," ती म्हणाली. "त्यानं खुरानं उकरलेली हाय. आनी घास बंद केला तर तो ह्यालाबी नेईल. डॉक्टरला काय ठावं? शिकलेला माणूस, त्याच्या घरचं कोण गेलंय?"

"शिंगराला लांब बांधू," कान्हू म्हणाला.

"बांधा. दावं तोडतंय ते. तोच बोलावतोय त्याला, दुसरं काय. त्याला एकट्याला करमत नाय."

कान्हूनं दावं दुहेरी केलं. पण त्याच्या डोक्यात डॉक्टरांचं बोलणं घुमत राहिलं. तांबू या मातीत जिता होता, हे खरंच निघालं. दोन वर्षं त्याला जे मागं चालताना ऐकू येत होतं ते उगाच नव्हतं. तांबूच्या पोटातलं जे होतं ते इथंच दबा धरून बसलं होतं, आणि बायजा आपल्या हातानं त्यावर गूळ घालत होती. तिला थांबवायचं तर एकच वाट होती. तांबूला कोणी नेलं नाही, हे तिला पटवायला हवं होतं. आणि ते पटवायचं म्हणजे तोंड उघडायला हवं होतं.

सकाळी बायजा मूठ घेऊन आली तेव्हा कान्हू गोठ्याच्या दारात आडवा उभा होता.

"सरा," ती म्हणाली.

"नाय. तिथं ठेवू नको."

"सरा बाजूला, घास वाळतोय."

"त्याला नजर नव्हती लागली. त्याला कोणी नेला नाय बायजा. मी मारला."

ती थांबली. कान्हूचं एकदा सुटलं ते सुटलं. "तिन्ही पुड्या एकदम चारल्या मी. कामाची घाई होती. काल डॉक्टरपुढं खोटं बोललो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"कधी?"

"तू विहिरीवर गेली होतीस तेव्हा."

बायजाच्या हातातली मूठ तशीच होती. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. त्याच्या बाजूनं आत गेली, शिंगरापाशी बसली आणि तळहात त्याच्या तोंडापुढं धरला. त्यानं तळहात चाटून काढला. मग उठून तिनं कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि पहिला घाव खळग्यात घातला.

कान्हू पुढं झाला तशी म्हणाली, "फावडं घे. मी खणते, तू माती भर." लग्नाला अकरा वर्षं झाली होती, तिनं त्याला अरे-तुरे कधी केलं नव्हतं. आज केलं, आणि तिला ते कळलंसुद्धा नाही.

ती खणत होती, तो टोपली भरून परसात नेऊन टाकत होता. तिनं कुदळ थांबवली नाही, खणता खणताच बोलायला लागली.

"तू गेलास आनी मी पाणी घेऊन आले. तेव्हा बरा होता. मग कुशीकडं बघायला लागला. वळून वळून बघायचा, कुशीला कोणी चावतंय तसा." एक घाव. "घाम सुटला. थंडीचे दिवस, आनी पाणी गळत होतं त्याच्या अंगातून. मी ओव्याचं पाणी पाजलं. पोट चोळलं. दगडासारखं लागत होतं हाताला."

"बायजा, नको."

"ऐक. तू नव्हतास. मी होते. आता ऐक." घाव. "लोळला, उठला, लोळला. पुढच्या पायानं हे उकरत होता. दात करकरा वाजवत होता. माझ्या पदराची गाठ तोंडात धरलीन आनी सोडीना. दुपार झाली आनी मग नुसताच पडून राहिला, डोळे उघडे. मी डोकं मांडीवर घेऊन बसले."

कान्हूच्या हातातली टोपली भरली होती, पण तो ती उचलत नव्हता.

"मग तू बांधावरनं हाक दिलीस. लांबनं देतोस ती, पवळीला हाकताना. हो-ओ, हो-ओ. ती ऐकलीन त्यानं. कान टवकारले आनी उठला. चारी पायांवर उभा राहिला रं. मला वाटलं, वाचला. मी बाहेर पळाले तुला सांगायला. बांधापर्यंत पळाले, तू लांब होतास, हात केला, तुला दिसलं नाय. परत आले तर पडला होता." ती आता खणायची थांबली. "शेवटाला त्याच्याजवळ कोणी नव्हतं. मी सोडून गेले म्हणून गेला, असं वाटायचं मला. दोन वर्षं वाटत होतं. म्हणून घास घालत होते. आनी तू बघत होतास."

कान्हू मातीवर बसला. रडू आलं ते त्यानं आवरलं नाही. बायजानं त्याला गप्प केलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही. ती उठली, परसातल्या मातीवर तिनं पालापाचोळा, काटक्या, शेणी रचल्या. तिचं माहेर गागोद्याचं, तिकडं भाताच्या रोपांआधी जमीन अशीच भाजतात, तिच्या अंगवळणी पडलेलं काम. तिनं आग लावली. ओली माती धुमसत राहिली आणि सगळ्या परसात जुन्या लिदीचा वास पसरला. ठमाबाई कुंपणाशी येऊन म्हणाली, "काय गो हे, तांबूची जागा जाळलीस?" बायजा म्हणाली, "व्हय." ठमाबाई आल्या वाटेनं परत गेली.

दुसऱ्या दिवशी शिंगरू उठेना. रात्रीपासून त्यानं लीद टाकली नव्हती. पाय पोटाशी घेऊन चुना टाकलेल्या जमिनीवर पडून होतं, डोळे उघडे. कान्हूनं पालाण खाली ठेवलं.

"जा कामावर," बायजा म्हणाली.

"मी कसा जाऊ?"

"तू हितं बसलास तर मी तुझ्याच तोंडाकडं बघत बसेन. जा."

तो गेला. पवळीला त्या दिवशी काय कळलं कोणास ठाऊक, तिनं मुकाट्यानं गोण्या घेतल्या. पुंडलिक काहीतरी बोलला, कान्हूला ऐकू आलं नाही. भरतीचं पाणी बांधाला लागत होतं. प्रत्येक खेपेला त्याला वाटायचं, आता घराकडून कोणी धावत येईल आणि हात करील. तो लांबवर बघायचा. कोणी येत नव्हतं, आणि कोणी येत नाही हे चांगलं की वाईट, तेही त्याला कळत नव्हतं.

दुपारी तो परतला. बांधावरून रोजच्या हाकेच्या जागी आला आणि त्याचं तोंड आपोआप मिटलं. घोडीला दाव्यानं ओढत, आवाज न करता, चोरासारखा तो घराकडं येत होता. गोठ्याच्या दारात बायजा उभी होती. एक हात आत, चौकटीला धरलेला. पाऊल बाहेर नव्हतं.

"गप का?" ती तिथूनच ओरडली. "हाक मार."

कान्हू थांबला. तिला वेड लागलं की काय, असं त्याच्या मनात आलं.

"पडूनच हाय का?" त्यानं विचारलं.

"पडलंय. मार हाक."

"नाय मारवत."

"मार म्हणते ना. ह्या बारी मी हितनं हलायची नाय."

कान्हूनं तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसता वारा आला. दुसऱ्यांदा आवाज फुटला, चिरका, बाईमाणसाचा असावा तसा. हो-ओ. मग पुन्हा, जोरानं, खाडीपलीकडं जाईल असा. हो-ओ, हो-ओ. पवळीनं मान उंच करून खिंकाळी दिली.

बायजा आत वळली होती. तिची पाठ तेवढी दिसत होती, आणि ती हलत नव्हती. कान्हू चिखलात उभा राहून त्या पाठीकडं बघत होता. आतून खुर घासल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला. मग काही तरी भदकन पडलं आणि बायजा आतच खाली बसली.

कान्हू धावत दारापर्यंत आला. शिंगरू उभं होतं. चारी पाय फाकवून, थरथरत, शेपूट वर करून उभं होतं. त्याच्यामागं लिदीचा मोठा पो पडला होता आणि त्यात शेवयांच्या गुंत्यासारखे पांढरे जंत होते, वीत-वीत लांब, काही अजून वळवळणारे. बायजानं त्याचा पुढचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता आणि कपाळ त्याच्या गुडघ्याला टेकवलं होतं. ती तांबूसाठी रडत होती की ह्याच्यासाठी, ते कान्हूला कळलं नाही आणि त्यानं विचारलंही नाही.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. लिदीकडं बघितलं.

"फावडं आण," ती म्हणाली. "मातीत मुरायच्या आत उचलायला पायजे."